गिऱ्हाईकाचं मन आणि गावातलं दुकान: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पांढरकवड्याच्या बाजूला, कापसाच्या पट्ट्यातल्या एका गावात आमचं किराणा दुकान आहे. सासऱ्यांनी सुरू केलं, मागची बावीस वर्षं गल्ल्यावर मी बसते. तेल, साखर, वह्या-पेन, सरकी ढेप, पोळ्याला झुली आणि घुंगरमाळा, असं सगळं ठेवते. बचत गटाच्या बैठकीत बायका आणि नवीन दुकान टाकणारी पोरं जे प्रश्न मला विचारत असतात, तेच इथे मांडले आहेत. उत्तरं गल्ल्यावर शिकलेली आहेत. जिथे अभ्यासकांनी तीच गोष्ट प्रयोग करून दाखवली आहे, तिथे त्यांची नावं दिली आहेत.

मानसशास्त्र वापरून विकायचं म्हणजे लोकांना गंडवायचंच ना?

हा प्रश्न पहिला येतो आणि यायलाच पाहिजे. मोठ्या शहरात, रेल्वे स्टेशनच्या बाहेर, एखादा विक्रेता एका माणसाला एकदा गंडवून मोकळा होऊ शकतो. आपल्याकडे ज्याला आज गंडवलं, त्याच्याच घरी पुढच्या महिन्यात तेरवीला जेवायला बसायचं असतं.

समोरच्याला कशाची भीती वाटते, कशाची लाज वाटते, कशाने त्याचा जीव शांत होतो, हे ओळखणं म्हणजे गिऱ्हाईकाचं मन ओळखणं. माझा अनुभव असा, की गावातल्या गिऱ्हाईकाच्या मनात 'स्वस्त आहे का' हा विचार दुसरा येतो. पहिला येतो 'आपण फसणार तर नाही ना?' कास्तकार, म्हणजे शेतकरी, बियाण्यात फसलेला असतो, कापसाच्या मापात फसलेला असतो, व्याजात तर त्याचा आजाही फसलेला असतो. ही भीती घेऊनच तो दुकानाची पायरी चढतो. ती भीती काढली की धंदा उभा राहतो. खालची बहुतेक उत्तरं फिरून याच गोष्टीपाशी येतात.

आमचं गाव साडेतीनशे घरांचं. एवढ्याशा गावात या सगळ्याचा काय उपयोग?

इथेच जास्त उपयोग. गिऱ्हाईक नवीन येणारच नाही, आहे तेच तीस वर्षं सांभाळायचं आहे. एक घर दुरावलं तर त्याचं भावकीतलं सगळं सामान दुसऱ्या दुकानात जातं.

लोक भाव विचारतात, माल हातात घेऊन पाहतात आणि निघून जातात. भाव कमी करू का?

आधी हे पाहा की अडतंय कुठे. डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये एक सिद्धांत मांडला. शंभर रुपये मिळाल्याचा जेवढा आनंद होतो, त्यापेक्षा शंभर रुपये गेल्याचं दुःख कितीतरी मोठं असतं. त्यांच्या पुढच्या मोजमापात ते सुमारे दुप्पट भरलं. कानमन यांना २००२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. म्हणजे गिऱ्हाईकाला 'तुमचे दहा रुपये वाचतील' हे सांगून जेवढा फरक पडतो, त्यापेक्षा 'तुमचे दहा रुपये बुडणार नाहीत' हे दाखवून जास्त पडतो.

मला हे पोडावरच्या, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरच्या, एका आजीने शिकवलं. आठवड्याला यायची, पदराच्या गाठीतून पैसे सोडायची, अर्धा किलो साखर, पाव किलो डाळ घ्यायची. आमचा काटा तेव्हा आतल्या बाजूला, बरण्यांच्या मागे होता. आजी टाचा वर करून पाहायची, काही बोलायची नाही. एक दिवस चक्कीवाल्याने सांगितलं, "वहिनी, ती म्हातारी तुमची साखर माह्या काट्यावर येऊन मोजते." माझी साखर दर वेळी बरोबर भरत होती. पण ते तिला चक्कीवर कळत होतं, माझ्या दुकानात कळत नव्हतं.

त्याच आठवड्यात बरण्या हलवल्या आणि दोन्ही बाजूंनी आकडा दिसणारा इलेक्ट्रॉनिक काटा आणला. पुढच्या वेळी आजी आली, आकड्याकडे पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. तेव्हा लक्षात आलं की तिला आकडे वाचता येत नाहीत. मग माळ्यावरचं सासऱ्यांचं जुनं पारडं खाली काढलं, त्याला आणि वजनांना वैधमापन खात्याचा शिक्का मारून घेतला. एका पारड्यात अर्ध्या किलोचं वजन, दुसऱ्यात साखर. साखरेचं पारडं हळूहळू खाली आलं आणि वजनाच्या पारड्यापेक्षा बोटभर खाली जाऊन थांबलं. आजी म्हणाली, "आता दिसलं वं माय." त्या दिवशी तिने पहिल्यांदा तेलही माझ्याकडून घेतलं. आजही ज्यांना आकडे कळत नाहीत त्यांच्यासाठी ते पारडं काउंटरवर आहे.

भाव कमी करण्याआधी या तीन गोष्टी करा: काटा समोर आणा, भावाची पाटी मोठ्या अक्षरात लावा, हिशेब तोंडाने मोठ्याने बोला. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दरवर्षी करून घ्यावी लागते. त्याचं प्रमाणपत्र फाईलमध्ये ठेवू नका, भिंतीवर लावा.

भावताव करू द्यावा की 'एकच भाव' लिहून टाकावं?

पहिला आकडा कानावर पडला की मन त्याच्याच आसपास फिरत राहतं. कानमन आणि ट्वर्स्की यांचाच १९७४ मधला प्रयोग आहे. लोकांसमोर एक चक्र फिरवलं, ते मुद्दाम १० किंवा ६५ वरच थांबेल असं केलेलं होतं. मग विचारलं, संयुक्त राष्ट्रसंघात आफ्रिकेतले देश शेकडा किती असतील? ज्यांच्या समोर १० आलं त्यांचा मधला अंदाज २५ निघाला, ज्यांच्या समोर ६५ आलं त्यांचा ४५. चक्राचा आणि प्रश्नाचा काडीचा संबंध नव्हता.

आठवडी बाजारातला व्यापारी हेच करतो. एकशेवीसची चादर अडीचशे सांगतो आणि दीडशेला देतो. गिऱ्हाईक शंभर रुपये वाचले म्हणून खूश. पण तो व्यापारी संध्याकाळी गाडी भरून निघून जातो, आपण इथेच राहतो. एका वहिनीला दीडशेला दिली आणि शेजारणीला एकशेतीसला, तर दिवे लागायच्या आत पाराच्या ओट्यावर दोन्ही भाव पोचलेले असतात. माझा सल्ला: स्थायी दुकानात एकच भाव, लहान पोराला पाठवलं तरी तोच. ज्यांना घासाघीस केल्याशिवाय चैन पडत नाही, त्यांना भावात सूट देऊ नका, मापात द्या. भाव तोच, पण वरून मूठभर शेंगदाणे. त्यांचंही मन राहतं आणि तुमचा भावही.

बंद पाकिटाच्या मालाला छापील किंमत हाच पहिला आकडा असतो. ९५ छापलेलं ९० ला दिलं तर पाटीवर दोन्ही लिहा. आणि एक गोष्ट: छापील किमतीपेक्षा एक रुपयाही जास्त घेता येत नाही. थंड बाटलीवर 'फ्रीजचे दोन रुपये' लावतात, तेही बेकायदेशीर आहे. दोन रुपयांसाठी मनात कायमची अढी बसते.

९९ रुपयांची युक्ती गावात चालते का?

फारशी नाही. एक रुपया परत द्यायला चिल्लर नसते, मग त्याबदल्यात चॉकलेट देता आणि गिऱ्हाईकाला वाटतं आपला रुपया मारला. सरळ शंभर लिहा.

दुकानात किती प्रकारचा माल ठेवावा?

शीना अय्यंगार आणि मार्क लेपर यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेला जॅमचा प्रयोग बऱ्याच जणांना माहीत असतो. कॅलिफोर्नियातल्या एका दुकानात कधी २४ प्रकारचे जॅम मांडले, कधी ६. चोवीस मांडले तेव्हा थांबून पाहणारे जास्त, पण त्यातल्या फक्त ३ टक्के लोकांनी विकत घेतलं. सहा मांडले तेव्हा थांबलेल्यांपैकी ३० टक्क्यांनी घेतलं. पुढे इतरांनी असेच प्रयोग केले, तेव्हा दर वेळी असा निकाल आला नाही. म्हणून याला पाळण्याचा नियम समजू नका.

माझ्याकडे कपड्याचे साबण एकेकाळी नऊ होते, आता तीन आहेत: एक स्वस्त, एक सगळे घेतात तो, एक चांगला. विक्री कमी झाली नाही, उलट अडकलेला पैसा मोकळा झाला. पण साडी, बांगड्या, पोळ्याच्या झुली इथे उलटं असतं. चार साड्या दाखवल्या तर बाईला वाटतं चांगला माल आत लपवून ठेवला. गठ्ठा उलगडून ढीग पडल्याशिवाय तिथे मन भरत नाही. रोजच्या वस्तूत निवड कमी, हौसेच्या वस्तूत भरपूर.

दिवाळीत दोन हजारांचं सामान नेणारा माणूस श्रावणात दहा रुपयांना का अडतो?

कारण तो पैसा एक नसतो. अर्थतज्ज्ञ रिचर्ड थेलर यांनी याला मनातला हिशेब म्हटलं. माणूस मनात वेगवेगळ्या पुरचुंड्या बांधतो आणि एकीतला पैसा दुसऱ्या कामाला लावताना त्याचा हात थांबतो. थेलर यांना २०१७ मध्ये नोबेल मिळालं. पण आपल्याकडच्या कोणत्याही बाईला हे सांगावं लागत नाही. कापसाच्या चुकाऱ्याचा, म्हणजे कापूस विकून हातात येणारा, पैसा हा 'मोठा पैसा', तो लग्नाला, सोन्याला, कर्ज फेडायला, बोअरला. दुधाचा आणि मजुरीचा पैसा मीठ-मिरचीला. कोंबडीचा आणि अंड्यांचा पैसा तिचा स्वतःचा, त्यात घरधनी हात घालत नाही.

म्हणून दुकानाचं कॅलेंडर पिकाचं असलं पाहिजे. आमच्या भागात ते असं चालतं. मृग लागला की सगळा पैसा बियाण्या-खतात मातीआड जातो. निंदण-डवरणीच्या दिवसांत घरात रोकडा नसतो, तेव्हा लहान पुड्या लागतात. पोळ्याला खिसा रिकामा असतो, तरी बैलासाठी माणूस खर्च करतोच. वर्षभर राबणाऱ्या जनावराला 'आज आवतण घ्या, उद्या जेवायला या' म्हणताना कोणी भाव करत नाही. त्या दिवसांत झुली-घुंगरू महाग लावणारे दुकानदार मी पाहिले आहेत. ते लक्षात ठेवलं जातं, आणि वर्षभर ठेवलं जातं. दसऱ्याच्या सुमारास सोयाबीन निघतं, मग सीतादही, म्हणजे वेचणीआधीची शेतातली पूजा, करून कापसाची वेचणी सुरू होते, आणि त्यानंतर कापूस विकला जाईल तसा पैसा येतो. त्या काळात पंधरा किलोचा तेलाचा डबा पुढे मांडायचा. उन्हाळ्यात बायका वर्षाचं सामान भरतात: तिखट, हळद, डाळ, कुरड्या-सरगुंड्यांचा गहू. तेव्हा ठोक भावाची वेगळी पाटी लावायची. शाळा आपल्याकडे उन्हामुळे उशिरा उघडतात, त्यामुळे वह्यांचा हंगाम नेमका पेरणीच्या खर्चात येऊन पडतो. लेकराच्या वह्यांसाठी मी दोन हप्ते करून देते.

तुमचं गाव दुसरीकडे असेल तर तुमचं कॅलेंडर वेगळं. भंडारा-गोंदियाला धानाचा पैसा, वरूड-मोर्शीला संत्र्याच्या आंबिया आणि मृग बहराचा पैसा, गडचिरोलीत मे महिन्यात तेंदूपत्त्याचा. दुसऱ्याची युक्ती उचलण्याआधी तुमच्या गावात पैसा कोणत्या महिन्यात आणि कोणाच्या हातात येतो ते वहीत लिहून काढा.

उधारी पूर्ण बंद करावी का?

'आज रोख, उद्या उधार' ही पाटी मीही एका वर्षी लावली होती. दोन महिन्यांत काढली. पीक हातात यायच्या आधी जगावं लागतं, आणि ज्याने त्या दिवसांत आधार दिला त्याचं नाव माणूस विसरत नाही.

पण उधारीतली खरी अडचण पैशाची नसून लाजेची असते, हे कळायला मला फार वर्षं लागली. ज्याच्याकडे आपले बाराशे रुपये निघतात, तो माणूस हळूहळू आपल्या दुकानावरून जाणं टाळतो. मागच्या गल्लीने फिरून जातो. आणि त्याच्याकडे शंभर रुपये रोख आले, की ते घेऊन तो दुसऱ्या दुकानात जातो, कारण इथे आला तर तुम्ही ते जुन्या खात्यात वळते कराल ही धास्ती असते. म्हणजे उधारी दिली आपण आणि रोखीचं गिऱ्हाईक झालं दुसऱ्याचं. आपले बाराशे गेले ते वेगळेच.

मी जे करते ते सांगते. खातं दोन वह्यांत लिहिते, एक माझी, एक त्यांच्या घरची लहान वही. त्यांच्या समोर लिहिते, वाचून दाखवते. वसुलीची तारीख महिन्याची नसते, पिकाची असते: 'सोयाबीन विकल्यावर अर्धे, कापसाचा चुकारा आल्यावर अर्धे.' हे त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलेलं असावं, आपण लादलेलं नाही. स्वतः दिलेला शब्द पाळायची ओढ वेगळीच असते. मर्यादा घराची ऐपत पाहून आधीच ठरवते आणि ती सगळ्यांना सांगते, म्हणजे 'मलाच नाही म्हटलं' असं होत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं: कोणी जुनी बाकी असताना रोख घेऊन आला, तर त्या पैशाला मी हात लावत नाही. त्याचं आजचं सामान देते. हसून देते. बाकीचा विषय चारचौघांत काढत नाही, पोराजवळ निरोप तर मुळीच पाठवत नाही. बापाची उधारी लेकराच्या तोंडी आली की ते घर कायमचं तुटतं.

तरी काही पैसे बुडतात. नापिकीच्या वर्षी तर बुडतातच. तो खर्च मी भाड्यासारखा धरून चालते आणि तेवढंच उधार देते जेवढं बुडालं तरी ठोक व्यापाऱ्यापुढे मान खाली घालावी लागणार नाही. उधारीवर व्याज लावू नका. त्या दिवशी तुम्ही दुकानदार राहत नाही, आणि परवान्याशिवाय सावकारी करणं गुन्हा आहे.

पाच-दहा रुपयांच्या पुड्या जास्त का खपतात? त्यात गिऱ्हाईकाचं नुकसान नाही का?

शाम्पू पुडीत भरून विकायची कल्पना तमिळनाडूतल्या कडलूरच्या चिन्नी कृष्णन यांची. त्यांचे चिरंजीव सी. के. रंगनाथन यांनी १९८३ मध्ये चिक शाम्पूपासून सुरुवात करून त्यावर मोठा उद्योग उभा केला. ज्याच्या हातात रोजची मजुरी येते त्याला बाटली परवडत नाही, पुडी परवडते. शिवाय पुडी आवडली नाही तर नुकसान पाच रुपयांचंच. पुन्हा तीच फसण्याची भीती.

मात्र काही मालात पुडी किलोमागे महाग पडते. मी हिशेब सांगते: 'काकू, चहाच्या अशा पुड्या महिन्याला वीस नेता, पाव किलोचा पुडा घ्या, पैसे वाचतील.' निम्म्या बायका ऐकतात, निम्म्या म्हणतात पुडा आणला की पाहुणे वाढतात. तेही खरंच आहे. पुडी ही घरातल्या खर्चाला घातलेली दावण असते.

'माल संपत आला, लवकर घ्या' असं म्हटलं की विक्री वाढते. म्हणू का?

खरोखर संपत आला असेल तर जरूर म्हणा. खोटं म्हणू नका. दुर्मिळ वस्तूची ओढ वाढते हे खरं आहे, मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी यांनी मन वळवणाऱ्या गोष्टींत टंचाईचा समावेश केला आहे. पण टंचाईचं शस्त्र कास्तकाराच्या पोटात किती खोल जातं हे आपण दर खरिपात पाहतो. पाऊस पडून गेला, युरियाची गरज आजची आहे. ४५ किलोच्या पोत्याची ठरलेली किंमत २६६ रुपये ५० पैसे. आणि दुकानदार म्हणतो, युरिया पाहिजे तर सोबत ही बाटली घ्या. हे लिंकिंग बेकायदेशीर आहे. माझ्या घरच्या शेतीसाठी आम्हीही एका वर्षी असं औषध घेतलं. ती बाटली तशीच बंद, तीन वर्षं गोठ्याच्या वळचणीला पडून होती. जाता-येता दिसायची आणि दर वेळी तो दुकानदार आठवायचा. त्याच्याकडे आम्ही परत गेलो नाही.

ऑनलाइन दुकानांच्या अशाच फसव्या क्लृप्त्यांवर केंद्र सरकारने २०२३ मध्ये मार्गदर्शक नियम काढले. खोटी घाई लावणं, न विचारता टोपलीत वस्तू टाकणं, शेवटच्या क्षणी छुपा खर्च वाढवणं, अशा १३ प्रकारांना त्यात मनाई आहे. गावातल्या दुकानानेही ती यादी एकदा वाचावी. ग्राहक तक्रारीसाठी १९१५ हा नंबर मी दुकानात लिहून ठेवला आहे. पोरं विचारतात, स्वतःच्याच विरुद्ध नंबर का लावला? तो पाहून गिऱ्हाईक निर्धास्त होतं.

'सगळे हेच नेतात' असं सांगावं का?

कास्तकार बियाणं कसं निवडतो? जाहिरात पाहतो, पण खात्री करतो धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, शेजारचं पीक पाहून. आपल्यासारखाच माणूस, आपल्यासारखीच जमीन, त्याचं जमलं तर आपलं जमेल. म्हणून 'सगळे नेतात' हे हवेतलं बोलणं कामाचं नाही. 'पाटलांच्या गोठ्यात मागच्या महिन्यापासून हीच ढेप चालू आहे, विचारून या' हे कामाचं. फक्त त्या माणसाला आधी विचारा, तुमचं नाव सांगितलं तर चालेल का.

फोनवरून पैसे घ्यायला लागल्यापासून लोक जास्त खर्च करतात का?

हातातून नोट जाताना जी कळ येते ती फोनमध्ये कमी होते, हे खरं आहे. त्यामुळे हात सैल सुटतो. मी स्कॅन करायच्या आधी एकूण रक्कम मोठ्याने सांगते. रक्कम बोलणारा स्पीकर लावा, पैसे पोचले की नाही या शंकेतून दोघंही सुटतात. नेटवर्क नसेल तर सामान देऊन टाका, पैसे नंतर येतात. माझे आजवर बुडाले नाहीत.

बचत गटाचं तिखट, पापड नागपूरला विकायचे आहेत. तिथलं गिऱ्हाईक आम्हाला ओळखत नाही.

गावात तुमची ओळख हीच खात्री असते. नागपुरात ती पाकिटावर छापावी लागते. शहरातल्या बाईला तिखटात भेसळीची भीती, म्हणून गावाचं नाव, मिरची कुठली, दळल्याची तारीख आणि एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न सुरक्षा खात्याचा, नंबर स्पष्ट लिहा. भिवापूरची मिरची आणि वायगावची हळद यांना भौगोलिक मानांकन आहे. तुमचा माल खरोखर तिथला असेल तरच ते नाव वापरा.

प्रदर्शनात स्टॉल लावला तर पापड तिथेच भाजा. वासाने माणूस थांबतो, हातात तुकडा दिला की बोलतो. कोणी काही दिलं की त्याची थोडी तरी परतफेड करावी असं माणसाला वाटतंच. पण तुकडा देऊन लगेच पाकीट पुढे करू नका, त्याला खाऊ द्या. आणि भाव फार पाडू नका. शहरात फार स्वस्त तिखट पाहिलं की पहिला संशय विटेच्या भुकटीच्या भेसळीचा येतो.

खराब माल गेला तर काय करावं?

एका दिवाळीत ठोक व्यापाऱ्याकडून बेसनाचं पोतं आलं. वरचं चांगलं होतं, खालचं खवट. माझ्या लक्षात येईपर्यंत अकरा घरी गेलं होतं. व्यापाऱ्याने परत घ्यायला नकार दिला. वही काढली आणि अकराही घरी स्वतः गेले, कोणी तक्रार करायची वाट पाहिली नाही. दहा घरांतलं बेसन तसंच होतं, बदलून दिलं. अकराव्या घरी कढई चुलीवर होती. वहिनींनी बेसन तुपात घातलं होतं, अर्धवट भाजलेलं, घरभर वास सुटला होता आणि त्या वासातच खवटपणा कळत होता. त्या म्हणाल्या, "जाऊ द्या ना, बेसन बदलून देता हेच खूप झालं." पण तूप त्यांच्या घरच्या म्हशीचं होतं, दिवाळीसाठी महिनाभर जमवलेलं. ते बेसनाबरोबर गेलं होतं. मी घरून तुपाचा डबा आणून ठेवला.

त्या वर्षी दिवाळीची कमाई त्यातच गेली. पण तक्रार यायच्या आधी आपण पोचलो की माणसाच्या मनात राग धरायला जागाच राहत नाही. उशीर झाला, की मालाची किंमत परत करूनही अढी जात नाही. एक्सपायरीची तारीख मी आता महिन्यातून दोनदा पाहते आणि जवळ आलेला माल वेगळ्या टोपलीत, तारीख सांगून, कमी भावात ठेवते.

तालुक्याचं मोठं दुकान आणि घरपोच ऑनलाइन माल, यांच्यापुढे टिकाव कसा लागणार?

भावात त्यांच्याशी लढू नका, हराल. मोबाईल, कपडे, भांडी तिकडून येतीलच. पण रात्री साडेनऊला पाहुणे आले तर पाव किलो साखर, बाळंतिणीसाठी डिंक, पावसात अडकलेल्या घरी पोराच्या हाती पोचवलेलं सामान, हे त्यांना जमत नाही. आणि त्यांना हेही माहीत नसतं की या घरच्या आजीला साखर चालत नाही.

जाताना गिऱ्हाईकाच्या हातात काहीतरी ठेवण्याची जुनी रीत अजून पाळावी का?

पाळा. कानमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये लोकांना बोचऱ्या गार पाण्यात हात बुडवायला लावला. एकदा ६० सेकंद. दुसऱ्यांदा तेच ६० सेकंद आणि वर आणखी ३० सेकंद, पण त्या शेवटच्या ३० सेकंदांत पाणी किंचित कमी गार केलेलं. पुन्हा कोणतं कराल असं विचारल्यावर बहुतेकांनी लांबलेलं दुसरं निवडलं. त्रास जास्त होता, पण शेवट बरा होता. आठवण शेवटावर टिकते.

दुकानात शेवट म्हणजे पैसे देण्याचा क्षण, म्हणजे सगळ्यात कडू क्षण. तिथे गिऱ्हाईकाला सोडू नका. पैसे घेतल्यावर काहीतरी करा: पिशवीची गाठ नीट बांधून द्या, म्हाताऱ्या माणसाची पिशवी पायरीखाली उतरवून द्या, लेकराच्या हातावर गुळाचा खडा ठेवा. माझ्या सासऱ्यांनी गुळाची ढेप फोडून खडे एका पितळी डब्यात ठेवायची पद्धत घातली होती. डबा तोच आहे. परवा एक जण आला, केस पिकलेले, नागपूरला नोकरीला असतो. आईच्या वर्षश्राद्धाचं सामान घेतलं, पैसे दिले आणि तिथेच उभा राहिला. मी विचारलं, काही राहिलं का भाऊ? त्याने डब्याकडे पाहिलं आणि हात पुढे केला.